काचांवरचा कागद

परीक्षेला वास असतो. हसू नका. सत्तावीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई सांगतेय, तेव्हा मागच्या बाकावरच्यांनीही ऐकून घ्या. नव्या पॅडच्या पुठ्ठ्याचा वास, आयांनी पोरांच्या डोक्यावर थापलेल्या तेलाचा वास, आणि या सगळ्याच्या खाली घामाचा एक आंबट वास, जो फक्त भीतीनेच येतो. खेळाच्या तासानंतरचा घाम वेगळा. मला डोळे मिटून फरक सांगता येतो. परवा मालाडच्या नाक्यावर रिक्षासाठी उभी होते. शेजारी चार मुली होत्या, नुकतीच मिळालेली हॉलतिकिटं एकमेकींना दाखवत. "ए, माझं सेंटर बघ ना कुठे आलंय! वाट लागली यार!" एक म्हणाली, आणि बाकीच्या खिदळल्या. नेमका तेव्हा तो वास आला. मुलींचा होता की माझा, कोण जाणे. समोर थांबलेली रिक्षा मी सोडून दिली.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक पत्र होतं. माझ्याच लेटरहेडवर टाइप केलेलं, फक्त सही राहिलेलं. बोरिवलीच्या एका शाळेची इमारत जुनी झाली आहे, तळमजल्याच्या खांबाला तडे गेले आहेत, तरी तिथलं दहावीचं परीक्षा केंद्र ऐन वेळी हलवू नये, परीक्षा झाल्यावर इमारत रिकामी करावी, अशी शिफारस. चार ओळींचं पत्र. अशी पत्रं मी दिवसाला दहा देते. हे मात्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडत होते. पाकिटाखाली ठेवलं, चष्म्याच्या घरामागे ठेवलं, तरी पर्स उघडली की तेच आधी हाताला लागायचं.

मी आमदार आहे. शिक्षकांनी निवडून दिलेली, विधान परिषदेत बसणारी. लोकांना अजून नीट कळत नाही, लग्नात भेटणाऱ्या बायका विचारतात, "म्हणजे तुम्ही खऱ्या आमदार का?" खऱ्याच आहे हो! जनगणनेपासून मतदारयाद्यांपर्यंत सगळ्या कामांना मास्तरांनाच जुंपतात म्हणून मी भांडभांड भांडले, आणि एक दिवस सगळ्या मास्तरांनी मिळून मलाच उभं केलं. निवडून आले. हातातला खडू गेला, लेटरहेड आलं. शाळेत मी राऊतबाई होते, आता राऊतमॅडम झाले. बाई म्हणणारे थोडेच उरले, आणि त्यांच्यापैकी दोघांशी मी जे वागले त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या दोघांपैकी एक पास्कल. मालाडच्या आमच्या शाळेचा शिपाई. गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातला, मढच्या बाजूला त्याच्या बायकोचं माहेर. मार्चमध्ये तिकडे बोंबील वाळत घातले की याच्या डब्याला तो वास, आणि स्टाफरूममधल्या आमच्या शाकाहारी बाया नाकाला पदर लावून बसायच्या. "बाई, त्यांना सांगा ना, वर्षभर त्यांच्या हिंगाचा वास मी सोसतो," असं म्हणायचा. घंटा त्याची. वीस वर्षांत एक मिनिट इकडेतिकडे नाही. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा घड्याळ बिघडलं तर पास्कलकडे बघायचे.

दुसरी शर्वरी. माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना हिने मला विचारलं होतं, "बाई, जमीन हलते तर मग आपली शाळा का नाही हलत?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, "हलते गं, आपल्याला कळत नाही." ती पुढे इंजिनिअर झाली. इमारतींच्या तब्येती तपासते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या शाळेची तपासणी करायला संस्थेने तिलाच बोलावलं, तेव्हा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आमदार होऊन मला दोन वर्षं झाली होती, पण शाळा ती आपली शाळा. मी मुद्दाम गेले.

डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात टेप. सात नंबरच्या वर्गातल्या खांबावर तिने छोट्या हातोडीने टकटक केलं. एके ठिकाणी आवाज भरीव आला, एके ठिकाणी पोकळ. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. पोकळ आवाज आला तिथे ती परत वाजवायची, परत ऐकायची. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"बाई, ही बाजू रिकामी करायला हवी. लगेच."

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात दहावीची परीक्षा सुरू होत होती. आमच्या शाळेत चार शाळांची मुलं बसणार होती. बैठकव्यवस्था लागलेली, हॉलतिकिटांवर आमच्या शाळेचा पत्ता छापलेला. केंद्र बदलणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. नव्या शाळेचं गेट सापडत नाही, मुलं घामाघूम होऊन पोचतात, पहिली दहा मिनिटं वाचलेलं काही आठवत नाही. मी असल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवलेला आहे. पाठ धडधडत असते.

"एवढी परीक्षा होऊ दे गं," मी म्हटलं.

"बाई..."

"तीनच आठवडे. मग मी स्वतः कुलूप घालते. माझा शब्द."

हा आमचा मास्तरांचा रोग आहे. पस्तीसला दोन मार्क कमी पडले की आम्ही उत्तरपत्रिका परत चाळतो, कुठल्या तरी आकृतीला अर्धा, कुठल्या तरी व्याख्येला एक, असं करत पोराला काठावर ओढून घेतो. जन्मभर हेच केलं आणि त्याला चांगुलपणा म्हटलं. त्या दिवशी मी इमारतीलाही तसेच वाढीव मार्क दिले. पोराला दोन मार्क वाढवून दिले तर कुणाच्या डोक्यात काही पडत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

शर्वरीला मी गप्प केलं, कारण मी तिची बाई होते. दुसऱ्या कुणाचं तिने ऐकलं नसतं. पण तिने अट घातली. खांबावर आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर तड्यांच्या आडव्या, बोटाएवढ्या काचेच्या पट्ट्या तिने सिमेंटने चिकटवल्या. पाच काचा. प्रत्येकीशेजारी निळ्या पेनाने भिंतीवर नंबर, तारीख आणि "हात लावू नये". मग तिने मला आणि पास्कलला समोर उभं केलं, आम्ही जसे पूर्वी तिला उभं करायचो.

"तडा वाढत नसेल तर काच आहे तशी राहील. वाढला तर काच फुटेल. रोज सकाळी बघायचं. एक जरी फुटलेली दिसली तर त्या क्षणी वर्ग रिकामा. पेपर चालू असला तरी. बाई, प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं.

"मी बघीन रोज," पास्कल म्हणाला. "माझी रोझलीन याच खोलीत बसणार आहे ना."

रोझलीन त्याची नात. त्या वर्षी दहावीला होती.

त्या मार्चमध्ये ऊन लवकर आलं होतं. शाळेसमोरच्या आंब्याला मोहर धरून कैऱ्याही दिसायला लागल्या होत्या, आणि गेटबाहेर आया पातेल्यातून ताक घेऊन बसायच्या, पोरगं बाहेर आलं की आधी पेला आणि मग "कसा गेला?" रस्त्यापलीकडे कसलंसं खोदकाम चालू होतं. यंत्र जमिनीत काहीतरी ठोकायचं आणि तळमजल्याच्या खिडक्यांची तावदानं किणकिणायची. मुलं माना वर करून बघायची नि परत लिहायला लागायची. मला तो मार्च आठवतो तो असाच, आवाजाने. अधिवेशन चालू असल्यामुळे मी सकाळी विधान भवनात असायचे, पण मन मालाडला. सभागृहात कुणी बाक वाजवला तरी मी दचकायचे.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण सगळी चूक इथेच आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी केंद्रावर गेले होते. परीक्षा केंद्राचा एक नियम असतो: वर्गाच्या भिंतीवर एक अक्षर दिसता कामा नये. तक्ते, नकाशे, सुविचार, पाढे, सगळं उतरवायचं. उतरत नसेल तर झाकायचं. पाहणीला येणाऱ्या पथकाला भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं सूत्र जरी दिसलं तरी केंद्राची अब्रू गेली. मी सत्तावीस वर्षं या नियमाने भिंती झाकल्या आहेत. वर्गात पाऊल टाकलं की माझी नजर आधी भिंतीवर जाते, मग मुलांवर. तशी ती सात नंबरच्या वर्गात गेली. निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं दिसलं. आकडे. अक्षरं.

"अहो, हे काय? भिंतीवर लिहिलेलं दिसतंय. झाका ते!" मी म्हटलं.

कोणाला म्हटलं तेही आठवत नाही. कुणीतरी कागद आणले, पास्कलने चहाच्या स्टोव्हवर खळ शिजवली, आणि दहा मिनिटांत जुन्या वर्तमानपत्रांनी ती भिंत गुळगुळीत झाली. खांबसुद्धा. पास्कल मधेच थांबला होता. "बाई, काचा पण?" त्याने विचारलं होतं. मी दुसऱ्या वर्गाकडे निघाले होते. "सगळं, सगळं," म्हणत पुढे गेले. शेजारी फक्त केंद्रसंचालक सर होते आणि ते बाकांवरचे नंबर मोजत होते. एकालाही वाटलं नाही की आपण काहीतरी भयंकर करतोय. उलट काम चोख झाल्याचं समाधान होतं.

मग पेपर सुरू झाले. मराठी, इंग्रजी, गणित. पहाटे उठून पास्कल खोल्या उघडायचा. सात नंबरच्या बाकांवर रोज सकाळी पांढरी पूड साचलेली असायची. तो ओल्या फडक्याने पुसायचा. त्याने एकदा मला सांगितलंही होतं, "बाई, सातमध्ये खडू फार पडतो." आता परीक्षेत कोण लिहितं फळ्यावर? पण शाळेतली पांढरी पूड म्हणजे खडूच, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही आमच्या. मी "पुसून घे" म्हटलं. त्याने पुसून घेतली.

विज्ञानाचे दोन्ही पेपर झाले. माझा जीव जरा खाली बसला. इतिहासाच्या पेपरच्या दिवशी मी सभागृहात परीक्षांवर बोलले. चांगलं बोलले. माझ्या भागात एकही केंद्र ऐन वेळी बदलावं लागलं नाही, एकाही मुलाला वणवण करावी लागली नाही, असं ठासून सांगितलं. बाकं वाजली. लॉबीत दोघातिघांनी हात मिळवले. कुणीतरी माझं भाषण फोनवर टाकलं आणि परतीच्या वाटेवर अंधेरीपर्यंत मी शुभेच्छा वाचत होते. घरी न जाता सरळ शाळेत गेले. आता एकच पेपर राहिला होता, भूगोलाचा. नेहमी शेवटचाच असतो तो. पोरं कंटाळलेली असतात, निम्मं लक्ष सुट्टीत असतं, आणि माझ्या विषयाला कायम असंच उरलंसुरलं लक्ष मिळत आलंय.

शाळेत कुणी नव्हतं. ऊन उतरलं होतं. पास्कल सात नंबरच्या दारात उभा होता, हातात तेच ओलं फडकं.

"बाई, जरा बघा. कागद ताणलाय."

खांबावरचा वर्तमानपत्राचा कागद सरळ रेषेत फाटला होता. वरून खाली. कुणी मुद्दाम फाडला असता तर असा फाडला नसता. मी कोपऱ्याला नख लावलं. वाळलेली खळ कुरकुरली. पहिली काच दोन तुकडे. दुसरी दोन तुकडे. तिसरी दोन तुकडे. चौथी आणि पाचवी शाबूत. फुटलेल्या काचांच्या मधल्या फटीवरून मी बोट फिरवलं. पाच रुपयाचं नाणं सहज शिरलं असतं.

कधी फुटल्या असतील? मराठीच्या पेपरला? गणिताच्या? बाकांवरचा तो सगळा खडू, तो खडू नव्हताच. तीन आठवडे मुलं त्याच्यावर कोपरं टेकून लिहीत होती.

"इंजिनिअर मॅडमला फोन लावू?" पास्कल म्हणाला.

"थांब जरा."

मी बाकावर बसले. आणि मी काय विचार केला ते आज जसंच्या तसं लिहिते, कारण नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. पहिला विचार मुलांचा नव्हता. पहिला विचार आला तो त्या वाजलेल्या बाकांचा. दुपारी मी छाती पुढे काढून बोलले आणि संध्याकाळी माझ्याच शाळेतलं केंद्र बंद! मग चॅनेलवाले येणार, काचा कुणी झाकल्या विचारणार. मुलांना नुसतं दुसऱ्या वर्गात हलवायचं म्हटलं तरी कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की सगळं बाहेर येणार. मुलांचा विचार दुसरा आला, आणि तोही कसा, तर एकच पेपर राहिलाय, दोन तासांचा. तीन आठवडे टिकलं ते दोन तास टिकेल. ओठावर आलं तेही मास्तरीच: "एवढा एक पेपर होऊ दे."

पास्कल माझ्याकडे बघत होता.

"खळ आहे का शिल्लक?" मी विचारलं.

तो हलला नाही. मग म्हणाला, "बाई, रोझलीन सातमध्येच आहे."

"माहितेय मला."

"तुम्ही म्हणता म्हणजे ठीक असेल ना?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होता. पावसाचे ढग बघून लोक विचारतात ना, छत्री घेऊ का, तसं. मी मान हलवली. त्याने खळ आणली. आम्ही दोघांनी मिळून कागद चिकटवला, आणि फाटलेल्या रेघेवर दुसरा कागद लावला. त्याचा हात स्थिर होता.

भूगोलाच्या दिवशी मी अधिवेशनाला गेले नाही. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. आमदार असले तरी आत जायची परवानगी नव्हती, पण खिडकीतून सात नंबर दिसत होता. पंचवीस मुलं. रोझलीन तिसऱ्या बाकावर, दोन वेण्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. पास्कलने वर्गाचा दरवाजा पूर्ण उघडा ठेवून दोन्ही फळ्यांना विटा लावल्या होत्या. वाऱ्याने आपटतो म्हणून, असं त्याने पर्यवेक्षकांना सांगितलं. वारा नव्हता. तो त्या दारात दोन तास उभा होता, खांबाकडे तोंड करून. पाणीसुद्धा प्यायला गेला नाही. रस्त्यापलीकडचं यंत्र ठोकायला लागलं की त्याची मान किंचित पुढे यायची. मनातल्या मनात मी प्रश्नपत्रिका सोडवत होते, नकाशा भरत होते, काही करून मिनिटं ढकलत होते. मी आयुष्यात इतक्या परीक्षा घेतल्या, पण दोन तास किती मोठे असतात ते त्या दिवशी कळलं.

घंटा झाली. त्याचीच घंटा, वेळेवर. मुलं ओरडत बाहेर पडली, "सुटलो रे!" रोझलीन आजोबाला बिलगली. पास्कलने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

खोली रिकामी झाल्यावर आम्ही कागद ओला करून काढला, भिंत धुतली, आणि मगच मी शर्वरीला फोन लावला. "अगं, काचा फुटल्यात. आत्ताच बघितल्या." वाक्य खोटं नव्हतं म्हणायचं. ती धावत आली. संध्याकाळपर्यंत ती बाजू बंद झाली. जुलैत, पावसात, सात नंबरचं छत खाली आलं. सगळी बाकं चिरडली. आत कुणी नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो आला आणि त्याखाली माझं नाव, वेळेत इमारत रिकामी करून घेणाऱ्या आमदार म्हणून. सत्कार झाला. शर्वरी पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही शब्द पाळलात." रोझलीन चांगल्या मार्कांनी पास झाली होती, त्या सत्काराला ती पेढे घेऊन आली. मी पेढा हातात घेतला आणि तो तसाच पर्समध्ये ठेवला. पास्कलने त्या वर्षअखेरीला नोकरी सोडली. वसईला मुलाकडे राहतो. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अगदी अदबीने बोलला, आणि एकदाही मला बाई म्हणाला नाही. मॅडम म्हणाला.

तेव्हापासून मार्च जवळ आला की मला झोप लागत नाही. काही झालं नाही ना, मग कसला त्रास करून घेतेस, असं मी स्वतःला बजावते. पण काही झालं नाही हे माझ्यामुळे नाही, हे मला ठाऊक आहे. छत पडायला चार महिने उशीर झाला, एवढंच. त्या पंचवीस मुलांपैकी कुणी रस्त्यात भेटलं, "बाई, ओळखलं का?" म्हणालं, की मी आधी त्याच्या कपाळाकडे बघते.

तर ते बोरिवलीचं पत्र. काल सकाळी मी त्या शाळेत गेले. मुख्याध्यापक मोरे सर गेटपर्यंत घ्यायला आले. त्यांच्या केबिनमध्ये चहा मांडलेला, आणि शर्वरी आधीच बसलेली. इथली तपासणीही तिच्याकडेच होती. आमच्या शाळेच्याच काळातली, तशीच बांधलेली इमारत. समोरच्या वर्गात तिने काचा लावल्या होत्या. दारातून मला निळं अक्षर दिसत होतं, "हात लावू नये".

"खरं तर मी लगेच बंद करा म्हटलं असतं," शर्वरी म्हणाली, "पण बाईंच्या शाळेचा अनुभव आहे. तिथे याच्यापेक्षा मोठे तडे होते आणि तरी काचा शेवटच्या पेपरपर्यंत टिकल्या. रिपोर्टमध्ये मी त्याचाच आधार घेतलाय. परीक्षा होईपर्यंत थांबायला हरकत नाही."

मोरे सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "झकास! बाई, तुम्ही सही करा, मी आजच पाठवतो. आणि उद्या भिंती झाकून घेतो, तुमची शिस्त आम्ही सगळ्यांनी उचललीय."

"काय झाकता?" शर्वरीने विचारलं.

"भिंतीवरचं लिखाण हो. परीक्षेत अक्षर दिसायला नको."

"नाही हं सर, काचा झाकायच्या नाहीत! मग फुटल्या तर कळणार कसं?" ती हसली आणि माझ्याकडे वळली. "बाईंकडे उघड्या होत्या म्हणून तर कळलं की त्या टिकल्या. हो ना बाई?"

पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं. नुसती मान हलवायची होती. तिचं ते हसू आठवीतलं होतं. तिने तेव्हाही मी सांगितलं ते खरं मानलं होतं, की हलते, आपल्याला कळत नाही. बाहेर मैदानात पोरं कुणाला तरी हाका मारत होती. समोरच्या वर्गातल्या पहिल्या बाकावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, मला पांढरी पूड दिसली.

मी पेनाला टोपण लावलं.

"उघड्या नव्हत्या," मी म्हटलं. "मी झाकायला लावल्या होत्या."

शर्वरीचं हसू तसंच राहिलं, जणू तिला ऐकू गेलं नव्हतं. मग ते गेलं. मोरे सरांनी कप खाली ठेवला.

"मग फुटल्या कधी?" तिने विचारलं.

"माहीत नाही. तुला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी मी बघितल्या तेव्हा तीन फुटलेल्या होत्या."

ती उठली. माझ्यासमोरचं पत्र तिने उचललं, दुमडलं आणि स्वतःच्या बॅगेत टाकलं. दारापर्यंत गेली, आणि तिथून वळून, मला बाई न म्हणता, तिने विचारलं,

"मग दुसऱ्या दिवशी त्या खोलीत पेपर झाला?"

"झाला," मी म्हटलं. "भूगोलाचा. पंचवीस मुलं होती. मी बाहेर खुर्ची टाकून बसले होते."